साखरपुड्याचा चहा

सोनिवली, बदलापूर
६ जानेवारी २०२५

उमाताई,

मायना एवढाच पुरे. 'तीर्थस्वरूप' लिहायला हात धजत नाही आणि नुसतं 'उमा' लिहिण्याइतकी मी अजून वाया गेलेली नाही.

तुझा निरोप मिळाला. कादंबरी आल्यापासून आपण बोलत नाही. नाना गेले तेव्हा दहा दिवस एका घरात राहिलो, तेव्हाही 'भात उतरव' आणि 'भटजी आले' एवढंच बोललो. आता तुला बहिणीची आठवण झाली ती एका परिसंवादासाठी. सोळा फेब्रुवारीला अंबरनाथला, शिवमंदिराजवळच्या वाचनालयाच्या सभागृहात 'कादंबरी आणि तिचा चित्रपट' असा कार्यक्रम आहे म्हणे. सिनेमावाल्यांनी तुझ्या कादंबरीची कशी वाट लावली ते तू सांगणार, आणि मग पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे हात करून म्हणणार, ही पाहा माझ्या कादंबरीतली खरी गोदू. मग मी उठून उभं राहायचं आणि सांगायचं की सिनेमात दाखवलंय तसं आमच्या घरी काही घडलं नव्हतं.

मी उभी राहणार नाही. मला ते जमणार नाही असं नव्हे, मला ते करायचं नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, पुण्याला गेल्यापासून तर अजिबातच नाही. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

सिनेमा मी पाहिलाय. गाळ्यातल्या सगळ्या बायकांना घेऊन गेले होते, इथेच बदलापूरला. गाळा म्हणजे तुझ्या कादंबरीतली ती 'कोंदट, अंधारी खोली'. तिला दोन मोठ्या खिडक्या आहेत आणि समोर आंब्याचं झाड आहे, तू कधी आली नाहीस म्हणून सांगते. उल्हासनगरहून शिवून झालेल्या जीन्सचे गठ्ठे येतात, आम्ही त्यांचे लोंबते धागे कापतो, बटणं तपासतो आणि घड्या घालून माल परत पाठवतो. पूर्वी मी स्वतः कापायचे, आता कापून घेते. पहिला गठ्ठा मला उल्हासनगरच्याच कॅम्प पाचमधल्या हरेशने दिला, तेव्हा तो बापाच्या दुकानात नुकता बसायला लागला होता. आज आमची भागीदारी आहे. कादंबरीत तू त्याला माझा 'अव्यक्त प्रियकर' केलंस, ते वाचून त्याची बायको आठवडाभर हसत होती.

सिनेमात येसू माझ्या शेजारी बसली होती. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून कामाला येते, पुस्तक तिने वाचलेलं नाही, पण कादंबरीत काय आहे ते गाळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मध्यंतरात म्हणाली, "बाय, पिक्चरमदला बापूस चांगला हाय. मंग तुज्या बहिनीनी पुस्तकात त्याला राकीस कशाला केला?"

मी तिला वेफर्स दिले. तुला तोच प्रश्न टपालाने पाठवते आहे.

मालिनी


सोनिवली
१७ जानेवारी

ताई,

चार पानी उत्तर आलं. आठ वर्षांत एवढं माझ्याशी बोलली नव्हतीस.

तुझा पहिला प्रश्न, सिनेमावाल्यांना आपल्या घरातलं सांगितलं कोणी? साखरपुड्याच्या चहाचा प्रसंग कादंबरीत नाही, मग त्यांच्या डोक्यात आला कुठून? मला काय विचारतेस. सिनेमावाल्यांची डोकी सुपीक असतात. नसेल एखाद्याला सुचला?

दुसरा प्रश्न, मी तुझी कादंबरी नीट वाचली तरी आहे का? वाचली आहे. काही प्रकरणं तर तू वाचली असशील त्याहून जास्त वेळा.

आणि खरं सांगायचं तर काही ठिकाणी पुस्तकच सरस आहे. गोदूच्या हातांना जीन्सच्या रंगाचा वास येतो, भाकरी थापताना तो वास पिठाला लागतो आणि ती पहिली भाकरी कुत्र्याला घालते, ते पान मी गाळ्यात वाचून दाखवलं होतं. बायकांनी कात्र्या खाली ठेवल्या होत्या. पडद्यावर वास येत नाही, त्यामुळे सिनेमात ते पानच गेलं. सिनेमातल्या गोदूची नखं दिवसभर काम करूनही स्वच्छ असतात. धागे कापायला तिला शिंप्याची भलीमोठी कात्री दिली आहे. आमची कात्री चिमट्याएवढी असते, मुठीत मावते, हे कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. उल्हासनगरची गल्ली इतकी चकचकीत की हरेश, मला सिंधीत 'अदी' म्हणजे ताई म्हणतो तो, म्हणाला, "अदी, ये कौनसा उल्हासनगर है, मुझे भी वहाँ दुकान दिला दो." त्याचं काम करणाऱ्या नटाला शिवमंदिराच्या पायऱ्यांवर एक गाणं आहे आणि डोक्यावर भरपूर केस आहेत. हरेशला दोन्ही नाहीत. तेव्हा सिनेमाची मी भक्त आहे असं समजू नकोस.

पण धागे कापायचं जे तू लिहिलंस ते शुद्ध खोटं आहे. तुझी गोदू कोपऱ्यात एकटी बसून कंदिलाच्या उजेडात धागे कापते आणि जीन्सवर आसवं गाळते. अगं, धागे एकटीने कापत नाहीत. एकटीने बसलं की डोळ्यांवर झापड येते आणि कापडाला भोक पडतं. गोल करून बसतात. नवीन आलेल्या बाईला मध्ये घेतात, म्हणजे तिचा ढीग मागे पडला की दोन्ही बाजूंच्या बायका त्यात हात घालतात. मलाही तसंच बसवलं होतं. दिवसभर बडबड चालते, सासवा निघतात, नवरे निघतात, कुणाच्या पोराचं लग्न जमतं आणि मोडतं. मी आयुष्यात इतकी हसले नव्हते. सिनेमात तो गोल आहे. नवी पोरगी मध्ये बसलेलीही आहे.

तुझी कादंबरी गाजली तेव्हा काय झालं ते तुला कळलंच नाही. मंडईत एक बाई माझा हात धरून म्हणाली, किती सोसलंत हो. महिला मंडळाने माझ्या त्यागाबद्दल शाल दिली. शाल चांगली आहे, थंडीत वापरते. माझी कीव केली तर माझं काही अडत नाही, दोन दिवस चिडचिड होते आणि तिसऱ्या दिवशी मालाची गाडी येते.

नानांचं तसं नव्हतं. ते अंबरनाथ सोडून कधी कुठे गेले नाहीत. कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून सगळी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी शिवमंदिराच्या आवारात त्यांचा बाक ठरलेला. कादंबरी आली आणि त्या बाकावरची माणसं एकेक करून पलीकडच्या बाकावर बसायला लागली. मुलीला पट्ट्याने मारणाऱ्या, तिचं लग्न मोडून तिला घरात कोंडणाऱ्या बापाशेजारी कोण बसेल? नानांना दिसत कमी होतं. मला विचारायचे, "आज शंकर नाही आला का गं?" शंकरकाका चार हातांवर बसलेले असायचे.

आता परिसंवादात तू तेच पुन्हा करणार आहेस, तेही त्या बाकापासून हाकेच्या अंतरावर. ते मी होऊ देणार नाही. तुला हे आधीच सांगून ठेवते.

मालिनी


सोनिवली
२९ जानेवारी

ताई,

तुझी मुलाखत वाचली. हरेशने दुकानातून पेपर पाठवला, वर लिहिलं होतं, 'गुस्सा मत करना'.

तू म्हणतेस, "माझ्या कादंबरीतल्या बापाचं क्रौर्य दिग्दर्शकाला पेललं नाही. साखरपुडा मोडल्यावर बाप सगळ्यांना चहा करून पाजतो, हा सवंग विनोद त्यांच्या पदरचा आहे."

बरं. आता ऐक. तो विनोद माझ्या पदरचा आहे. पटकथा लिहिणारी वैदेही नावाची मुलगी दोन वर्षांपूर्वी गाळ्यात आली होती. कादंबरीत जे आहे ते तिला पाठ होतं, तिला बायका कशा बसतात ते बघायचं होतं. चार दिवस येसूच्या शेजारी बसून धागे कापले तिने. पाचव्या दिवशी तिने विचारलं, "मावशी, तुमचे वडील खरंच असे होते?" आणि मी तिला सगळं सांगितलं. मागच्या पत्रात मी तुझ्यापासून ते लपवलं, कारण तुझा तळतळाट ऐकायला मला वेळ नव्हता. आता काढला आहे. फितुरी म्हण, काहीही म्हण, मी पुन्हा सांगेन.

तिला सांगितलं तेच तुला सांगते. तुला ठाऊक आहे, तरी सांगते.

माझा साखरपुडा आपल्या घरातच होता. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तू लग्न होऊन पुण्याला गेलेली, त्या दिवसापुरती आलीस. मी पाटावर बसले, नवऱ्यामुलाच्या आईने, म्हणजे हिंदुरावांच्या बायकोने, माझी ओटी भरली, अंगठी झाली, पुडा फोडून सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. तेवढ्यात हिंदुराव सहज बोलावं तसं म्हणाले, "लग्नानंतर ते सिंध्याकडचं काम बंद हं. आमच्यात चालत नाही." मी पाटावरूनच म्हटलं, "मग लग्नच नको." तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी भर मांडवात चप्पल फेकली आहे.

सगळे नानांकडे बघत होते. हिंदुराव म्हणाले, "चिंतामणराव, मुलीला आवरा." नाना उठले. ओटीत आलेली साडी माझ्या मांडीवरून उचलली, अंगठी मागून घेतली, दोन्ही नीट ताटात ठेवून हिंदुरावांच्या पुढे सरकवलं. मग म्हणाले, "तुमचं तुम्ही न्या. साखर मात्र फोडलेली आहे, ती काही परत देता येत नाही. बसा, चहा करतो." आणि खरंच स्वयंपाकघरात गेले. त्या साखरेचा चहा झाला. नवऱ्यामुलासकट सगळे प्याले, कारण उठून जायचं कसं ते कुणाला सुचेना. हिंदुरावांनी बशीत ओतून प्याला आणि जाताना नानांना नमस्कार केला.

नाना चहा करत होते तेव्हा दूध तू तापवत होतीस. कपही तूच भरलेस. तुझ्या हाताने वाटलेला चहा आज सवंग झाला.

आणि कादंबरीत काय आहे? बाप म्हणतो, ही गेली तर माझं जेवण कोण करणार, म्हणून साखरपुडा मोडतो. गोदू तो साखरेचा पुडा घेऊन जाते आणि चांदण्यात वालधुनी नदीच्या पाण्यात साखर सोडते. वालधुनीत तेव्हा कारखाने काय काय सोडत होते आणि पाणी रोज कुठल्या रंगाचं असायचं, ते तू शाळेला जातायेता बघितलं आहेस. पुण्याच्या वाचकांना ते माहीत नाही, म्हणून चालून गेलं.

मला एवढं कळतं की मुलीला हो म्हणणारा बाप कादंबरीला चालत नाही. तुलाही ते हो म्हणाले होते, राजेंद्रभावजींशी लग्न करायचं ठरवलंस तेव्हा एका शब्दाने अडवलं नाही. त्याचं कोण काय लिहिणार? तुला एक दुष्ट माणूस हवा होता, तर तो खुशाल करायचास. पण मग त्याला स्टोअरकीपरची नोकरी द्यायची नव्हतीस. शिवमंदिरामागचं घर द्यायचं नव्हतंस. डाव्या गालावरचा तीळ आणि जेवताना ताटाभोवती पाणी फिरवून डोळे मिटायची सवय, तेही द्यायचं नव्हतंस. सगळं नानांचं घेतलंस आणि स्वभाव तेवढा परक्याचा लावलास. लेखकाला सगळं माफ असतं, असं तू मुलाखतीत म्हणतेस. कुणी माफ केलं? मी तर केलेलं नाही.

मालिनी


सोनिवली
९ फेब्रुवारी

ताई,

या वेळचं तुझं पत्र लहान आहे. 'तुझ्याशी वाद घालायचा नाही' असं म्हणून तू शेवटचा पत्ता टाकला आहेस.

तू लिहितेस, "नानांना दुखावलं असतं तर त्यांनी मला फोन केला नसता. कादंबरी संपल्यावर त्यांनी स्वतः फोन केला. म्हणाले, उमे, झकास लिहिलंस, मला अगदी माझ्यासारखा उतरवलास. ज्या माणसावर लिहिलं त्यानेच शाबासकी दिली, तिथे तू कोण आक्षेप घेणारी? हेच मी सोळा तारखेला व्यासपीठावरून सांगणार आहे."

फोन केला होता हे खरं आहे. मीच लावून दिला होता आणि शेजारी उभी होते. ते असं का म्हणाले हा प्रश्न तुला इतक्या वर्षांत एकदाही पडला नाही? पट्टा काढणाऱ्या बापाचं वर्णन वाचून कुठला बाप म्हणेल, माझ्यासारखा उतरवलास? तुला वाटलं असेल, म्हातारा मोठ्या मनाचा आहे, किंवा भ्रमिष्ट झालाय. जे वाटलं ते सोयीचं होतं, म्हणून पुढे विचार केला नाहीस.

नानांना काचबिंदू होता, अक्षर दिसायचं नाही. तुझं पुस्तक आलं तेव्हा त्यांनी ते हातात घेतलं, वास घेतला, उशाशी ठेवलं आणि म्हणाले, "मालू, रोज संध्याकाळी मंदिरातून आल्यावर वाचून दाखव." मी आधी वाचलेलं नव्हतं. पहिली प्रकरणं सरळ गेली. गाव ओळखू येत होतं, आई ओळखू येत होती, नाना मान डोलवत होते. मग ते पट्ट्याचं पान आलं. मी अर्ध्या वाक्यात थांबले. नाना म्हणाले, "काय झालं? पुढे?"

मी पुढे वाचलं. पानावर जे होतं ते नाही वाचलं. बापाने पट्टा काढला, तिथे मी म्हटलं, बापाने छत्री काढली आणि पोरीला शाळेपर्यंत सोडायला निघाला. आणि एकदा सुरू केल्यावर मागे फिरता येईना. रोज दुपारी गाळ्यात बसून पुढचं प्रकरण वाचायचं, त्यातला बाप बाजूला काढायचा, आपला बाप त्यात बसवायचा आणि संध्याकाळी पुस्तक डोळ्यांसमोर धरून सगळं बोलायचं. पानं वेळेवर उलटायची. बायका विचारायच्या, आज काय रचलंस? येसूने दोन-तीन प्रसंग सुचवले आहेत, तिला त्याचं श्रेय द्यायला हवं.

सोपं नव्हतं. चार दिवसांनी नाना म्हणाले, "हा बाप फारच गोड आहे गं. ही बापलेक कधी भांडत नाहीत का? मग कादंबरी कसली?" तुझी अडचण काय असेल ते मला त्या दिवशी कळलं. मी बापाला थोडा तिरसट केला, रेडिओवरून भांडण लावलं, भाजीत मीठ जास्त पडल्यावर त्याला ताटावरून उठवलं. नाना खूश झाले, म्हणाले, उमीने बरोबर पकडलंय मला. साखरपुड्याच्या चहाला तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "आलं राहिलं तिचं. मी आलं ठेचून घातलं होतं." दुसऱ्या दिवशी मी ते पान पुन्हा वाचलं, आल्यासकट. सिनेमात बाप आलं ठेचतो, ते तिथून आलं.

कादंबरी संपली त्याच संध्याकाळी तुला फोन केला. दुसऱ्या दिवशी ते मंदिरात गेले आणि पलीकडच्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या उमीने चहाचा प्रसंग काय लिहिलाय, वाचलात का?" तिथे बसलेल्या प्रत्येकाने तुझं पुस्तक वाचलेलं होतं. मग शंकरकाका उठले, नानांच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "वाचला की. फक्कड जमलाय." त्यानंतर बाक पुन्हा भरायला लागला. नाना गेले तोवर भरलेला होता.

तर हे असं आहे. तू भांडते आहेस त्या सिनेमाच्या आधी तुझ्या कादंबरीचं एक रूपांतर झालेलं आहे. ते एकाच प्रेक्षकासाठी होतं आणि त्याला ते आवडलं. मी त्यात तुझं पुष्कळ ठेवलं, भाकरीचं पान तर शब्दही न बदलता. जे खोटं होतं ते काढलं. मला त्याची लाज वाटत नाही, आणि तुला राग आला असेल तर तो तुझा तू सांभाळ.

आता परिसंवादाचं. मी येते आहे. गाळ्यातल्या बायका येत आहेत, हरेश दुकान बंद ठेवून बायकोला घेऊन येतो आहे, शंकरकाकांना नातू हात धरून आणणार आहे. आम्ही पहिली रांग धरून बसू. सिनेमाने तुझं काय काय बिघडवलं ते तू मन भरून सांग. कात्रीचं सांगितलंस, त्या गाण्याचं सांगितलंस, तर मी टाळ्या वाजवीन. पुस्तकातला बाप मनाने रचला होता असं म्हणालीस तरी मी गप्प बसून ऐकीन.

पण नानांनी शाबासकी दिली होती हे वाक्य माइकवर आलं, की मी उभी राहणार. तुला हवं होतं तशीच, पहिल्या रांगेत, सगळ्यांना दिसेन अशी. ज्या कादंबरीला त्यांनी शाबासकी दिली ती तू लिहिलेली नाहीस, ताई. ती शाबासकी माझी आहे. आठ वर्षं तुझ्याकडे ठेवली, आता मी ती न्यायला येते.

मालिनी